मोटर जळली म्हणून विहीर बुजवायची?

जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का, असा प्रश्न हापिसात जेवणाच्या टेबलावर टाकून बघा. निम्मे लोक हसतील. उरलेले म्हणतील, "अरे नवा घे ना, नो कॉस्ट ईएमआय आहे." "मॉडेल कुठलं? सॉकेट कुठलं?" असं उलट विचारणारा प्राणी आमच्या मजल्यावरून तरी नामशेष झालाय. आणि ही सगळी मंडळी संगणकावरच पोट भरणारी, बरं का! सुतारांच्या पंगतीत कुणी "रंध्याचं पातं बदलता येतं का हो?" असं विचारावं आणि सगळ्यांनी "नवा रंधा घे" म्हणून पुढचा घास घ्यावा, तसला प्रकार.

तर उत्तर असं की, येतो. म्हणजे येत होता. आता येत नाही. आणि येत नाही यामागे कुठलाही निसर्गनियम नाही. ते कुणीतरी ठरवून केलेलं आहे आणि आपण ते मुकाट्याने गिळलेलं आहे. आजचा शनिवार त्यावर खर्ची घालतो.

थोडा इतिहास. २००६-०७ च्या आसपास ज्यांनी कोअर टू ड्युओवाला लॅपटॉप घेतला असेल त्यांना आठवत असेल (आठवत नसेल, कारण तेव्हाही कुणी उघडून बघितला नव्हता), त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असायचा. सॉकेट एम, सॉकेट पी, मग जी-१, जी-२, जी-३. एक स्क्रू अर्धा फिरवला की चिप मोकळी. दुसरी ठेवायची, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवायचा, स्क्रू उलटा फिरवायचा. झालं. स्वस्तातलं मॉडेल घ्यायचं आणि दोन-तीन वर्षांनी, वरच्या दर्जाची तीच चिप सेकंडहँड बाजारात उतरली की, ती आणून टाकायची, हा सरळ मध्यमवर्गीय हिशोब होता. घर बांधताना वरच्या मजल्याच्या सळया उघड्या ठेवतात ना, तसा.

मग पातळपणाचं वेड आलं. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने खाकी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला आणि सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. त्यातला प्रोसेसर डाग मारून कायमचा बसवलेला होता, रॅमसुद्धा. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक'ची टूम काढली आणि ती पसरवायला तीस कोटी डॉलरचा फंड उभा केला. २०१३ च्या चौथ्या पिढीपर्यंत सॉकेटवाले प्रोसेसर कसेबसे तग धरून होते. पाचव्या पिढीत, म्हणजे २०१५ पर्यंत, इंटेलने लॅपटॉपच्या प्रोसेसरांचं सॉकेट सरसकट बंद करून टाकलं. एएमडीनेही त्याच सुमारास तेच केलं. कुणी मोर्चा काढला नाही. माझ्या माहितीत तरी कुणी साधी कुरकुरही केली नाही.

सॉकेट असतं तेव्हा काय होतं याचं एक उदाहरण देतो. डेलचा २०१२ चा लॅटिट्यूड ई-६४३०. हाच घेतोय, कारण हा मी स्वतः उघडलाय, गेल्या उन्हाळ्यात, असोद्याला.

असोदा म्हणजे जळगावच्या अगदी शेजारचं गाव. बहिणाबाई चौधरींचं माहेर, आणि माझ्या आईचंही. पुण्याच्या लोकांना नाव माहीत असलं तर बहिणाबाईंमुळे, किंवा मग भरताच्या वांग्यांमुळे. (भरताचा विषय काढला तर प्रोसेसर राहील बाजूला. असो.) तर माझा मामेभाऊ जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो आणि असोद्याहून रोज जा-ये करतो. त्याच्याकडे हा लॅटिट्यूड, गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड घेतलेला. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कुठल्या तरी कंपनीने मोडीत काढलेला असणार, कारण झाकणावर मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर अजून अर्धं चिकटलेलं. आत आय-५ ३३२०एम. दोन कोअर, चार थ्रेड. एसएसडी आणि ८ जीबी रॅम त्याने आधीच टाकली होती, आणि तेच बरोबर. कुणी मला प्रोसेसर बदलायचं विचारलं तर मी आधी एसएसडी आहे का विचारतो. जुन्या मशीनला सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो, मग रॅम, आणि प्रोसेसर तिसरा. पण या पठ्ठ्याचं दुखणं खरोखरच प्रोसेसरचं होतं. अँड्रॉइडचा प्रोजेक्ट बिल्ड करायला लावून तो गुरांना पाणी दाखवून यायचा.

३३२०एम ही ३५ वॅटची चिप आहे. त्याच सॉकेटमध्ये बसणारी, त्याच पिढीतली आणि ३५ वॅटचीच आय-७ ३६३२क्यूएम नावाची चिप आहे. तिच्यात चार कोअर, आठ थ्रेड आणि ३ च्या जागी ६ एमबी कॅश. वॅट सारखेच, म्हणजे मूळचा पंखा आणि हीटसिंक पुरतो. याहून वरच्या ४५ वॅटच्या चिपाही त्या सॉकेटात बसतात, पण असोद्यात मे महिन्यात दुपारी घरातच चाळीस डिग्री असते, तिथे तो शहाणपणा नको. सेकंडहँड ३६३२ मागवली. नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्शाहून कमी पैशांत आली.

आधी बायॉस अद्ययावत केलं. मग बॅटरी काढली, खालचं झाकण काढलं. या मॉडेलमध्ये ते झाकण काढलं की हीटसिंक थेट समोरच येतो. पंख्यात कापसाची तूस! आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, त्यामुळे पुण्याच्या लॅपटॉपात धूळ निघते तशी इथे तूस निघते. ती नुसती काढली असती तरी मशीन बरंच थंड झालं असतं. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसली, चिप बदलली, नवी पेस्ट लावली, स्क्रू आकड्यांच्या क्रमाने आवळले. सगळं मिळून तासभर लागला, त्यात मामींचा चहा धरून.

फरक काय पडला? ब्राउझर होता तसाच. एका कोअरचा कमाल वेग जुन्या चिपचा ३.३ गिगाहर्ट्झ, नव्या चिपचा ३.२. म्हणजे उलट कणभर कमीच. "आय-७ टाकला, आता फेसबुक पळेल" असं कुणी सांगत असेल तर तो चिप विकणारा आहे असं समजा. पण बिल्डचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, कारण ते काम चारही कोअर वाटून घेतात. गुरांना पाणी आता काकाच दाखवतो. :-)

मामा हे सगळं पलीकडे खाटेवर बसून बघत होते. मी म्हटलं, मामा, पुण्यात असलं कुणी करत नाही, सरळ फेकतात. तर ते म्हणाले, "मोटर जयली म्हनून कोनी इहिर बुजतं का रे?"

विहिरीवरची मोटर आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी जळतेच. व्होल्टेज कमी-जास्त होतं, एखादा फेज जातो, वाळू खेचली जाते. मोटर जळली की ती वाइंडिंगवाल्याकडे जाते, तो आतली जळकी तार काढून नवी भरतो, बुश बदलतो आणि मोटर परत विहिरीत. आता कुणी म्हणेल, रिवाइंड केलेली मोटर थोडी जास्त वीज खाते. खाते, मान्य. २०१२ ची ३५ वॅटची चिपसुद्धा आजच्या १५ वॅटच्या चिपपेक्षा जास्तच खाते. पण वाइंडिंगवाला धंद्यात टिकून आहे, कारण मोटर उघडता येते. उद्या मोटर बनवणाऱ्यांनी बॉडी झाळून बंद केली आणि वर "आता वजन दोनशे ग्रॅमने कमी" अशी जाहिरात केली तर अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरेल. आपण मात्र तेच दोनशे ग्रॅम कौतुकाने तळहातावर तोलून बघतो.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. ते सगळेच खोटे नाहीत.

पहिला, सॉकेटमुळे जाडी वाढते. वाढते, काही मिलिमीटर. पण ती कमी करा म्हणून मागणी नक्की कुणी केली होती? मी दहा-बारा वर्षं लॅपटॉपची बॅग पाठीवर वागवतोय. त्यात डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि पाव किलोचा चार्जर असतो. त्या बॅगेत लॅपटॉप चार मिलिमीटर पातळ झाल्याने माझ्या कण्याला काडीचा फरक पडलेला नाही.

दुसरा, सगळं एकाच चिपवर घेतलं की वेग वाढतो आणि बॅटरी टिकते. हे मात्र खरं आहे, आणि इंजिनिअर म्हणून ते मान्य करायलाच हवं. ॲपलच्या २०२० च्या एम-१ मध्ये मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली आहे, इंटेलनेही २०२४ च्या लुनार लेकमध्ये तेच केलं, आणि दोन्हींचा बॅटरीला फायदा दिसतो. ठीक. प्रोसेसर एकटा बदलता येत नसेल तर निदान अख्खा बोर्ड बदलता येईल असं डबडं बनवा ना! फ्रेमवर्क नावाची अमेरिकन कंपनी २०२१ पासून नेमकं हेच करते. त्यांच्या त्याच पेटीत इंटेलच्या अकराव्या पिढीचा बोर्ड काढून बाराव्या पिढीचा बसतो, इंटेल काढून एएमडीचासुद्धा बसतो. एका छोट्या कंपनीला जमतं ते बड्या कंपन्यांना का जमू नये? तर न जमण्यात पैसा आहे म्हणून.

तिसरा मुद्दा सगळ्यांचा लाडका. "अरे, पण प्रोसेसर बदलतात तरी किती जण?" याची मला खरी चीड येते. मोटर स्वतःच्या हाताने रिवाइंड करणारे शेतकरी तरी किती? असोद्यात मला एकही माहीत नाही. पण वाइंडिंगवाला एक आहे आणि त्याच्या जिवावर कितीतरी विहिरी चालतात. दुरुस्ती सगळ्यांनी करायची नसतेच. ती एकाला करता आली की पुरते. तुमचा लॅपटॉप तुमच्यापुरता तीन-चार वर्षं जगतो. मग तो हापिसातून बाहेर पडतो, घाऊकवाल्याकडे जातो, तिथून गोलाणी मार्केटला येतो, आणि तिथून एखाद्या पोराच्या सॅकमधून असोद्याला. तुम्ही आज ८ जीबी रॅम डाग मारून बसवलेला लॅपटॉप घेतलात, तर तो पाच-सहा वर्षांनी ज्याच्या हातात पडेल त्याच्या नशिबी जन्मभर ८ जीबीच. तुमचं ठीक आहे हो, तुम्ही तोवर नवा घेतलेला असेल. निर्णय तुमचा आणि भोग त्याचा.

सगळं झाळून बसवण्याचे दुखणेही नवे नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाला जाहीर करावं लागलं होतं की त्यांच्या काही लॅपटॉप चिपांच्या पॅकेजिंगचं मटेरियल सदोष आहे आणि दुरुस्ती-बदलीसाठी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. चिपा तापून-गार होऊन मरायच्या. चिप सॉकेटात असती तर चिप बदलली असती, पण ती बोर्डाला चिकटलेली, त्यामुळे गेली की बोर्डच गेला. लॅमिंग्टन रोडवर 'रीबॉलिंग' हा शब्द पोरासोरांच्या तोंडी आला तो असल्याच दुखण्यांपायी.

माझ्याच घरचं सांगतो. बायकोचा तीन वर्षांचा लॅपटॉप एके दिवशी सुरूच होईना. एका नावाजलेल्या कंपनीचा. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने दहा मिनिटांत निदान केलं, मेमरीची एक चिप गेलीय. मी म्हटलं, मग ती बदला. तो म्हणाला, सर, ती बोर्डवर आहे, बोर्ड बदलावा लागेल. खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त. आणि वर हळूच, "सर, त्यापेक्षा एक्स्चेंज ऑफर बघता का?" त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्नच नव्हतं. टॅबलेट होता, त्यावर ऑफरी.

आणि आता आपल्या धंद्याबद्दल. लॅपटॉप 'जुना' होतो म्हणजे नक्की काय होतं? सिलिकॉन म्हातारं होत नाही. ३६३२क्यूएम २०१२ मध्ये एका सेकंदात जेवढं काम करायची तेवढंच आजही करते. तिच्यावर लादलेलं ओझं वाढलंय आणि ते आपल्या जातभाईंनी लादलंय. चॅट करायच्या साध्या खिडकीसाठी अख्खा ब्राउझर पोटात घालून देणारे आपणच. स्वतः ३२ जीबीच्या मशीनवर बसून "माझ्याकडे तर पळतंय" म्हणत बग बंद करणारेही आपणच. वर मायक्रोसॉफ्टचं वेगळंच. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि थोडे अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना त्यात प्रवेश नाही. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेलं धडधाकट मशीन पाचव्या वर्षीच जातीबाहेर. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असोद्याच्या लॅटिट्यूडवर आता लिनक्स मिंट आहे आणि ते उत्तम चालतं. पण सगळ्या घरांत लिनक्स टाकून देणारा आतेभाऊ नसतो.

सरकार काय करतंय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही काढलं. सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. शेतीची अवजारं यादीत आहेत हे वाचून मामा खूश होतील. लॅपटॉपचं नाव वेगळं घ्यावंसं मात्र कुणाला वाटलं नाही. नंतर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवायला समिती बसली, तिचा मे २०२५ मध्ये आलेला अहवालही पहिल्या टप्प्यात फोन आणि टॅबलेटचाच विचार करतो. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक सक्तीचा केला, तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होते. दुकानात किमतीशेजारी दहापैकी गुण लावावे लागतात. आपल्याकडे फ्रिजवर विजेचे तारे असतात ना, तसंच. तारे बघून फ्रिज घेणारे लोक आपल्याकडे आहेतच, मग गुण बघून लॅपटॉपही घेतील की.

आणि ई-कचऱ्याचे नियम? ते २०११ पासून आहेत, ताजे १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यांचा मुख्य भर आहे मेलेल्या वस्तूची विल्हेवाट नीट लावण्यावर. ते हवंच. पण लॅपटॉपपायी पर्यावरणाचं होणारं नुकसान बहुतांशी तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, कंपन्यांचे स्वतःचेच अहवाल तसं सांगतात. म्हणजे खरी बचत तो मरू न देण्यात आहे. त्याच्या तेराव्याचा खर्च कुणी करायचा, एवढ्यावरच आपली चर्चा अडलेली.

जाता जाता कामाचं. तुमच्याकडे २०१५ च्या आधीचा लॅपटॉप पडून असेल तर प्रोसेसरच्या नावातली शेवटची अक्षरं बघा. तिसऱ्या-चौथ्या पिढीत एम, क्यूएम किंवा एमक्यू असेल तर बहुधा सॉकेट आहे. यू किंवा एचक्यू असेल तर डाग मारलेला, नाद सोडा. पक्कं करायचं तर सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पॅकेजचं नाव दाखवतं. पिढी बदलू नका, वॅट वाढवू नका, आणि त्याच मॉडेलमध्ये ती चिप कुणी चालवलीय का ते आधी शोधा. असोद्यातून निघालेला जुना आय-५ वाया गेला नाही. मामेभावाच्या वर्गमित्राकडे त्याच पिढीचा आय-३ होता, दुसऱ्या दिवशी त्यात बसवला. या वेळी स्क्रू मामेभावाने स्वतः फिरवला, मी नुसता बघत होतो.

आणि सोमवारी हापिसात गेलात की आयटीवाल्यांना दोन गोष्टी विचारा. एक, पुढची दोनशे लॅपटॉपांची ऑर्डर देताना रॅमचे स्लॉट आहेत का हे कुणी बघतं का? अशी ऑर्डर नाकारली गेली की विक्रेत्याला पटकन ऐकू येतं, तुमच्या-माझ्या एकट्या लॅपटॉपने येत नाही. दोन, जुने लॅपटॉप जातात कुठे? बऱ्याच ठिकाणी 'डेटा सिक्युरिटी'च्या नावाखाली अख्खी मशीनं यंत्रात घालून चुरडतात, आणि डेटा असतो फक्त डिस्कमध्ये. ती डिस्क काढायला दोन-चार स्क्रू लागतात. डिस्कही बोर्डावरच झाळलेली असेल, तर ते मॉडेल पसंत कुणी केलं होतं तेही विचारा.